मोठीचं नाव वर

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सामान आलं. दोन खोकी, एक बॅग, नकाशांची नळकांडी आणि टेबलावरचा दिवा. टेम्पोवाला म्हणाला, बाई, याला सामान म्हणायचं तर माझी बायको माहेरी जाताना नेते त्याला काय म्हणायचं? मला हसू आलं.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला आता उजेड, सावली आणि माणसाचा आकार एवढंच दिसतं, पण टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हाच तिने ओळखलं. गालावरून हात फिरवून म्हणाली, वाळली आहेस, आणि तोंड अजून उघडत नाहीस.

घर चांगलं आहे. तीन खोल्या एकीमागे एक. पुढची आईची, मधली ताईची कामाची आणि मागची आता माझी, तिला लागून स्वयंपाकघर. माझ्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. दुपारी कपाटाच्या फळ्या पुसल्या, पडदे लावले. अंग दुखेपर्यंत काम केलं आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

ताईला जाऊन चार महिने झाले. आई तिच्याजवळ राहायची. आता माझ्या कार्यालयाने घरून काम करायची परवानगी दिली, म्हणून मी कायमची इथे आले. आम्हा दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, मोठीने दोघींच्या वाटणीचं बोलून टाकलं, धाकटीला काही उरलंच नाही.

झोपायच्या आधी चार ओळी लिहायची सवय आहे. ती इथेही चालू ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मधली खोली उघडली. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून ताईने खिडकीवर जाड रजया टांगल्या आहेत. ती अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. टेबलावर संगणक, मायक्रोफोन, हेडफोन, सगळं तिने ठेवलं होतं तसंच. आई सांगत होती, विनोदी पुस्तक असलं की ती आत एकटीच एवढी हसायची की शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारून विचारायच्या, पाहुणे आलेत का गं?

माझं काम पाण्याच्या वाहिन्यांच्या नकाशांचं. जुने नकाशे नव्या मोजणीप्रमाणे दुरुस्त करायचे. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम ताईच्या संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही. कार्यालयातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, त्यात काय, जुनं सगळं पुसा आणि आपलं घाला. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने हातातली वाटी खाली ठेवली. मी लगेच म्हटलं, पुसणार नाही.

एकाच संगणकात दोन सिस्टिम राहू शकतात असं ऐकलं होतं. चौकातल्या संगणकवाल्याला विचारलं. उद्या येतो म्हणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संगणकवाला सकाळीच आला. भलता बोलका माणूस. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनी सिस्टिम ठेवायची, दुसऱ्यात नवी. यंत्र सुरू केलं की पडद्यावर दोन नावांची यादी येते, हवी ती निवडायची. मी विचारलं, एक चालू असताना दुसरीला काही कळतं का? तो म्हणाला, काडीचंही नाही. एका ओट्यावर दोन जावा असं समजा. एक आत असली की दुसरीने स्वयंपाकघरात यायचंच नाही, मग भांडण होईलच कशाला? स्वतःच्याच बोलण्यावर तो खूप हसला. आईलाही हसू आलं.

मग एक अडचण निघाली. ताईचं यंत्र बंद झालेलंच नव्हतं. त्या दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरातच पडली. यंत्र तिचं उघडं काम पोटात घेऊन आपोआप झोपलं आणि तसंच राहिलं. संगणकवाला म्हणाला, आधी त्याला जागं करा, सगळं मिटवा, नीट बंद करा, मग मी हात लावतो. अर्धवट झोपेत असलेल्याची जागा कापू नये. तो आईशी गप्पा मारत पुढच्या खोलीत चहा घ्यायला गेला.

मी बटण दाबलं. ताईचं काम समोर आलं. तिच्या वाचनाच्या आवाजाची पट्टी एका प्रकरणाच्या मध्यावर थांबली होती आणि पुढे रेकॉर्ड करायची लाल खूण लुकलुकत होती. बंद करायचं का, असं यंत्राने विचारलं. माझा हात उचलेना. ते पुन्हा झोपवलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, बंद केलं.

जागा कापताना यंत्राने बरीच कुरकुर केली. अडून बसलंय लेकाचं, म्हणत त्याने जबरदस्तीने काम पुढे रेटलं. शेवटी विचारलं, यादीत वर कोणाचं नाव घालू? थोडा वेळ कोणी कळ दाबली नाही तर वरचंच आपोआप सुरू होतं. मी म्हटलं, मोठीचं. लहानपणापासून तिच्या आधी मी पानावरही बसले नाही. त्याने तशीच नावं घातली. वर ‘मोठी’, खाली ‘धाकटी’.

८ फेब्रुवारी, शनिवार

काम छान चाललं आहे. सकाळी यंत्र सुरू करायचं, एक कळ खाली, ‘धाकटी’, आणि नकाशे उघडायचे. आई मधूनमधून दाराशी येऊन कळांचा आवाज ऐकत उभी राहते. म्हणाली, मोठी असती तर आतापर्यंत चार जणांची नक्कल करून झाली असती. मी म्हटलं, हो ना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक विचित्र प्रकार झाला. यंत्र सुरू केलं, यादी आली आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. धावत जाऊन गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आले तेव्हा ‘मोठी’ सुरू झाली होती. तीच पट्टी, तीच लाल खूण. बंद करायला म्हणून खुर्चीत बसले.

त्यानंतरचं आठवतं ते थेट संध्याकाळचं. कानावर हेडफोन होते. खूप वेळ बोलल्यावर पडते तशी घशाला कोरड पडली होती. एकही नकाशा झालेला नव्हता.

आई खुशीत होती. म्हणाली, किती दिवसांनी घरात बोलणं ऐकलं गं! काकूंच्या मांजराची ती गोष्ट सांगितलीस, माझं पोट दुखलं हसून. मला मांजराची कुठली गोष्ट माहीत नाही. बसल्या बसल्या डोळा लागला असेल आणि आईलाही काही भास झाला असेल, असं म्हणून सोडून दिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. अडलेलं प्रकरण आणि त्यापुढचंही मिळालं म्हणून आभार मानत होत्या. म्हणाल्या, ताईंनी आधीच वाचून ठेवलेलं तुम्हाला सापडलं असणार. नाहीतर असा आवाज कोणाला जमायचा? आमचे ऐकणारे विचारतात, बाई बऱ्या होऊन आल्या का?

मी काहीही पाठवलेलं नाही. हे त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

मी रोज न चुकता कळ दाबते. पण शनिवारी आणि काल मी खोलीत जायच्या आधीच यंत्र सुरू होतं, खुर्ची ओढून ठेवलेली होती आणि आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिला बटण हाताने सापडतं. म्हणाली, तुला उशीर होऊ नये म्हणून. मी बंद करायला पुढे वाकले. पडद्यावर लाल खूण दिसली.

ते दोन दिवस माझ्याजवळ नाहीत.

आज रस्त्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, अगदी मोठीच्या वळणावर गेलीस बाई. काल टाळी दिलीस ती अजून झोंबते आहे. मी आजवर कोणाला टाळी दिलेली नाही. घरी येऊन आरशात पाहिलं तर केस ताई बांधायची तसे वर बांधले होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आई आता सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारते, कोण? मोठी की धाकटी?

मी धाकटी म्हटलं. बरं, म्हणाली, आणि हात काढून घेतला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी फोनवर बरंच सुनावलं. माझे नकाशे अर्धवट जात आहेत. आज पाहिलं तर नवा नकाशा जतनच होईना, जागा शिल्लक नाही.

संगणकवाल्याला फोन केला. म्हटलं, माझं नाव वर घ्या. तो हसायलाच लागला. बाई, काल तर मी तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्हीच बोलावलंत. धाकटीची जागा आणखी कापा म्हणालात, तिला अशी लागते कितीशी? काय चेष्टा, काय मस्करी! पहिल्या दिवशी तुम्हाला पाहिलं तेव्हा वाटलं होतं या बाई मुक्या आहेत की काय.

कालचा दिवस माझ्याजवळ नाही, पण मी घरातच होते. दुसरीकडे कुठे जाणार?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईला विचारलं. धीर गोळा करायला वेळ लागला.

तिने नाकारलं नाही. म्हणाली, पहिल्याच दिवशी कळलं मला. डोळे गेलेत, कान नाहीत गेले. माझ्या पोटची पोर मला ओळखू येणार नाही? मग माझा हात हातात घेऊन शांतपणे म्हणाली, तू तशी अबोल. खोलीत असलीस काय आणि नसलीस काय, तुझं कुठे काय अडतं? तिला बोलायला लागतं गं. थोडे दिवस दे तिला.

मी म्हटलं, आई, मग मी कुठे जाते?

ती म्हणाली, ते मला कसं माहीत असणार? तू कधी सांगितलंस का काही?

ताई मलाही हवी आहे. ती गेल्यापासून असा दिवस नाही की मला ती नको होती. पण त्या दिवसांत मला तीही भेटत नाही. ती आईला भेटते. मी नसतेच.

१ मार्च, शनिवार

आज पुसलं.

आई दुपारी जरा आडवी झाली होती. संगणकवाला फोनवरून एकेक पायरी सांगत होता. नक्की ना, असं त्यानेही विचारलं आणि यंत्रानेही. तो म्हणाला, तसं पाहिलं तर पुसणं म्हणजे फक्त यादीतून नाव काढणं. मजकूर तिथेच पडून राहतो, वर दुसरं काही येईपर्यंत. पण आपोआप सुरू व्हायचं नाही काही, निर्धास्त राहा. मी ‘हो’ दाबलं.

वळून पाहिलं तर आई दारात उभी होती. भिंत चाचपत आली असणार. ओरडली नाही. म्हणाली, पहिल्या वेळी निदान कोणी हाताने नव्हतं केलं.

यादी आता येत नाही. यंत्र सरळ माझ्या नकाशांवर उघडतं.

४ मार्च, मंगळवार

आई जेवत नाही. ताट समोर ठेवलं की भिंतीकडे तोंड करते. काकू येऊन रागावून गेल्या, माझ्यावर. म्हणाल्या, तुम्ही दोघी काय ते मिटवा, पण म्हातारीला उपाशी ठेवू नका. चार दिवसांपूर्वीपर्यंत कशा गात होतात दोघी!

माझे सगळे दिवस मला आठवतात. दिवसभर मीच असते. घरात काही आवाज नाही.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, औषधाने होण्यासारखं नाही, त्यांच्याशी बोला.

बोलायला बसले. हवा, काकू, नळाचं पाणी. तीन वाक्यांत संपलं. आई वाट पाहत होती की आणखी काही येतं का. मी शोधत होते. काही सापडलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी पाणी पाजायला गेले. आईने हात उचलला, माझ्या डोक्यापर्यंत पोचेना. मीच वाकले. कोण, म्हणाली. आवाज अगदी बारीक.

मी म्हटलं, मोठी.

तिने एक घास खावा एवढंच मनात होतं. एकदाच. पण आवाज माझा नव्हता. भरलेला, हसरा. मी नक्कल केली नव्हती. मला कधीच जमली नाही.

आईने तोंड उघडलं. मी भरवलं. तिने सगळं खाल्लं. तिचा हात माझ्या डोक्यावर होता आणि तो तिने काढला नाही. इतका वेळ कधी—

यंत्र बंद होतं. मी नंतर दोनदा पाहिलं. भिंतीतून वायर काढलेली होती.

१२ मार्च

मधले दिवस नाहीत.

आई चालते, खाते. गालावर रंग आला आहे. मी विचारलं नाही. माझ्या खोलीत नकाशे गुंडाळून नळकांड्यात भरलेले आहेत. मी भरले नाहीत.

मॅडमचा निरोप. राजीनामा मिळाला, वाईट वाटलं, पण फोनवर तुम्ही एवढ्या आनंदात होतात की—

१५ किंवा १६

आता यंत्र लागत नाही. आईचा प्रश्न पुरतो. ती हात ठेवून विचारते, कोण. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, पहिल्यापासून लागतो. शाळेतही लागायचा. मी तोंड उघडेपर्यंत कोणीतरी बोलून टाकायचं. आताही. मी ‘धा’पर्यंत येते आणि तोंडातून—

मग एकदम दुसरी कुठलीतरी सकाळ.

मार्च

उठल्यापासून आईने विचारेपर्यंत. तेवढीच मी. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत जायला लागतो तेवढा वेळ. बॅग भरून निघावं म्हटलं तर दार तिच्याच खोलीतून आहे. आणि ती जागीच असते. मुलगी उठायची वाट बघत.

तिला कोणी फसवत नाही आहे. खरंच तिला तिची मुलगी मिळाली आहे. हे मला कळतं. कळून—

मला राग येत नाही, याची भीती वाटते. आज शोधला, सापडला नाही.

काकूंना चिठ्ठी लिहावी. काय लिहू? की मी कमी बोलते, म्हणून—

—

आज लवकर उठले. वही घेऊन स्वयंपाकघरात बसले आहे. आई अजून झोपली आहे. चहा केला, एकीचा. ओट्याला टेकून प्यायले. कोणीही काही विचारलं नाही.

ठरवलं आहे. तिने विचारायच्या आत आपणच सांगायचं. आई, मी आहे. धाकटी. आधी बोलायचं, हात डोक्यावर यायच्या आधी. मग जेवली नाही तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण सांगायचं. आत्ता हळू म्हणून पाहिलं. माझाच आवाज आला. कुजबुजल्यासारखा, पण माझा.

पुढच्या खोलीत पलंग वाजला. उठते आहे.

जाते. कप तसाच राहिलाय, तेवढा विसळते आणि